ऑफ तासात मावणारी कामं

वेळेच्या नियोजनावरचा बहुतेक सल्ला अशा माणसासाठी लिहिलेला असतो, ज्याला दार लावून शांत बसता येतं. शिक्षकालाही दार लावता येतं, पण आत चाळीस मुलं असतात.

या विषयात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट १९१८ सालची आहे. बेथलेहेम स्टील कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने एक युक्ती दिली. दिवस संपताना उद्याची सहा कामं महत्त्वाच्या क्रमाने लिहा, सकाळी पहिल्या कामाला हात घाला आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका. युक्ती इतकी लागू पडली, की श्वाब यांनी लींना २५,००० डॉलरचा चेक पाठवला म्हणे. सांगोवांगी फिरलेल्या गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असणारच, पण सल्ला खोटा नाही. पोलाद कंपनीच्या प्रमुखाला तो झेपतो. त्याचं पहिलं काम अडीच तास चाललं तर अडीच तास चालतं. माझं पहिलं काम जेमतेम रंगात येतं तोवर घंटा होते, आणि घंटेला कुणाच्या कामाचा क्रम माहीत नसतो.

शिक्षकाचा दिवस त्याच्या हातात पडण्याआधीच कापून झालेला असतो. कुठल्या वारी, कितव्या तासाला, कुठल्या वर्गात उभं राहायचं हे वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रकात ठरतं. उरलेल्या फटींमध्ये बाकीची सगळी नोकरी बसवायची. टाचण (पाठाची लेखी तयारी), वह्या, पेपर काढणं, पेपर तपासणं, गुण चढवणं, हजेरी, पालकांचे फोन, प्रयोगाच्या साहित्याची मांडामांड, कुणी रजेवर गेलं की येणारा बदली तास, आणि या सगळ्यावर कडी करणारं ‘मॅडम, एवढी माहिती आजच्या आज भरून द्या’. अशा दिवसाची यादी करताना ‘सगळ्यात महत्त्वाचं काय’ हा प्रश्न पहिला घेतला तर सुरुवातीलाच गाडं अडतं. आधी विचारायचं, की हातात वेळाचा केवढा तुकडा आहे आणि त्यात काय मावतं. महत्त्वाचं नंतर बघू. त्याच्याकडे येणारच आहे मी.

ऑफ तास म्हणजे वर्गावर जायचं नसतं तो तास, कागदावर ३५ मिनिटं. प्रत्यक्षात काय होतं? घंटा होते तेव्हा मी सातवीच्या फळ्यापाशी असते, हातात डस्टर. दोन मुली शंका घेऊन टेबलापाशी येतात. एकीची शंका खरी असते, दुसरी तिला सोबत म्हणून आलेली असते. जिना उतरून स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेलेली. पाणी पिऊन वह्यांचा गठ्ठा पुढे ओढावा तर लाल पेन नेमकं तेव्हाच दगा देतं. दुसरं शोधून चार वह्या होतात न होतात, तोच दारात एक मुलगा उभा. ‘मॅडम, चष्मा फुटला.’ त्याला बसवायचं, काच लागली नाही ना ते बघायचं, घरी फोन करायचा. परत येऊन बसलं की शेजारच्या टेबलावरचे सर विचारतात, प्रश्नपत्रिकेचा आराखडा कुणाकडे आहे? आराखडा माझ्याकडेच असतो, पण कपाटात. आणि पुढचा तास प्रयोगाचा म्हणून पाच मिनिटं आधी उठायला हवं, परीक्षानळ्या वर न्यायच्या आहेत. हाताला लागतात जेमतेम पंधरा मिनिटं, तीही सलग नव्हेत. या पंधरा मिनिटांपुढे मी यादीत ‘नववीची प्रश्नपत्रिका काढणे’ असं लिहिलं असेल, तर ते आज होणार नाही हे यादी करतानाच ठरून गेलेलं असतं. मग संध्याकाळी ‘आज काहीच झालं नाही’ म्हणत स्वतःवर चरफडण्यात काय अर्थ?

म्हणून माझ्या वहीतली कामं वेळेच्या मापाने लिहिलेली असतात. पानाच्या वरच्या भागात उभ्याउभ्या उरकणारी: एक सही, एक फोन, झेरॉक्सला द्यायचा कागद, हजेरीची बेरीज. मधल्या भागात तुकड्यातुकड्यांनी करता येणारी, कुठेही सोडली तरी धागा न तुटणारी: वह्या, गुण चढवणं, चाचणीचे कागद. खालच्या भागात डोकं लागणारी: प्रश्नपत्रिका, नव्या पाठाची आखणी, प्रगतिपुस्तकातले शेरे. खालच्या भागाला एकट्यादुकट्या ऑफ तासात हातच लावायचा नाही. अर्धी प्रश्नपत्रिका टेबलावर टाकून वर्गात गेलं की आपण उभे असतो फळ्यापाशी आणि घोळत असतो प्रश्न चौथा, उपप्रश्न ‘आ’ मध्ये. कामाच्या ठिकाणच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच मांडलं होतं. काम अर्धवट सोडून उठलं की लक्षाचा काही भाग तिथेच अडकून राहतो आणि त्याची किंमत पुढचं काम मोजतं. आमच्या बाबतीत ‘पुढचं काम’ म्हणजे वर्ग.

यादीतल्या शब्दांकडेही जरा बघावं लागतं. ‘वह्या’ एवढंच लिहिलं तर तो डोंगर होतो, आणि डोंगराकडे बघून माणूस चहा प्यायला जातो. ‘आठवी ब, वह्या, फक्त तिसऱ्या प्रश्नाची आकृती, पहिल्या वीस’ असं लिहिलं तर पेन उचललं जातं. ‘पालक’ असं लिहून ठेवणारे आहेत आमच्यात. कुठले पालक, कशासाठी, कुणास ठाऊक!

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये, बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून, लिहिलं की मध्येच थांबवलेली कामं माणसाला पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे इतरांच्या प्रयोगांत निकाल दर वेळी तसाच आला असं नाही. पण रात्री अकरा वाजता ‘अगं बाई, त्याच्या आईला फोन राहिलाच’ म्हणून अंथरुणात उठून बसलेल्या शिक्षिकेला प्रयोगशाळेच्या साक्षीची गरज नसते. माझ्या उपयोगाचा निष्कर्ष २०११ मधला आहे. मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना असं दिसलं, की अपुरं काम डोक्यात घोळायचं थांबावं म्हणून ते पुरंच करावं लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. त्यामुळे फोनच्या नोंदीपुढे मी ‘उद्या, दुसरा तास संपल्यावर, ऑफिसातून’ एवढं लिहिते आणि झोपते. मुलाचं पूर्ण नाव मात्र लिहीत नाही, आद्याक्षर पुरतं. वही टेबलावर उघडी राहते, आणि शाळेत उघडी राहिलेली वही वाचली जाते.

आता महत्त्वाचं. तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात चार चौकोन काढून समजावतात आणि चौकोनांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव देतात. १९५४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या इव्हान्स्टनला केलेल्या भाषणात त्यांनी तसं म्हटलं होतं खरं, पण स्वतःचं म्हणून नव्हे. एका माजी कॉलेज-अध्यक्षाचं म्हणणं म्हणून त्यांनी ते सांगितलं: तातडीच्या अडचणी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या अडचणी कधीच तातडीच्या नसतात. म्हणजे मूळ गाऱ्हाणं शिक्षणसंस्था चालवणाऱ्याचंच निघालं. मला याचं मुळीच नवल वाटलं नाही.

शाळेतली तातडीची कामं बाहेरून येतात आणि येताना स्वतःची तारीख घेऊन येतात. महत्त्वाच्या कामांना तारीख नसते. घनतेच्या पाठाला दर वर्षी वर्गातली बरीच मुलं गळतात, सूत्र पाठ असतं आणि लोखंडाचा खिळा बुडतो पण लोखंडाचंच जहाज तरंगतं हे उलगडत नाही. तो पाठ मुळापासून नव्याने बांधायला हवा. याची शेवटची तारीख कुणी दिलेली नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी दोन आठवड्यांपासून हात वर करेनाशी झाली आहे. तिची माहिती मागवणारं परिपत्रक येत नाही. २०१८ मध्ये संशोधक मेंग झू आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे दोन कामं ठेवून पाहिली, एकाचा मोबदला कमी पण मुदत जवळची, दुसऱ्याचा मोबदला जास्त पण मुदत लांबची. नुसत्या जवळच्या मुदतीला भुलून लोक कमी मोबदल्याच्या कामाकडे झुकत होते. स्टाफरूममध्ये हे रोज दिसतं. अतिशय मन लावून शिकवणारी माणसं सबंध ऑफ तास तक्त्यातले रकाने भरण्यात घालवतात आणि उठताना त्यांच्या चेहऱ्यावर काम संपवल्याचं समाधान असतं. ते समाधान खोटं नाही, तिथेच तर खरी ग्यानबाची मेख आहे. तक्ता संपतो. मुलीचं गप्प होणं समजून घेण्याचं काम संपतंय की नाही, हेही चटकन कळत नाही.

बिनतारखेच्या कामाला मी यादीत ठेवतच नाही, वेळापत्रकात बसवते. आठवड्यातून एकदा दोन ऑफ तास लागून येतात. तो जोडतास घनतेचा, आणि त्या वेळी मी स्टाफरूममध्ये सापडत नाही. ग्रंथालयात, कपाटांच्या मागच्या टेबलापाशी असते. बदली तास लागला तर काम दुसऱ्या वारी सरकतं, गळत नाही. कुणी विचारलं, ‘आज चौथा मोकळा ना?’ तर मी सांगते, ‘नाही, तास आहे.’ यात खोटं काय आहे? त्या मुलीसाठी तर वेगळ्या वेळेचीही गरज नसते. प्रयोगाचं साहित्य उतरवायला तिला हाताशी घ्यायचं आणि जिना सावकाश उतरायचा. यादीत तिच्या आद्याक्षरापुढे ‘जिना’ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

वह्यांवरून मात्र माझे सहकाऱ्यांशी खरे वाद होतात. आधी हिशेब मांडू. एका वर्गात ४० मुलं, एका वहीला तीन मिनिटं धरली तर दोन तास. असे पाच वर्ग असले तर दहा तास. ऑफ तासातली हाताला लागणारी पंधरा-पंधरा मिनिटं कितीही जोडली तरी हे गणित सुटत नाही. रंगीत पेनांनी सुटत नाही, मोबाइलमधल्या ॲपनेही नाही. म्हणजे वेळ कसा काढावा हा प्रश्नच इथे गैरलागू ठरतो. लाल पेन कशावर चालवायचं आणि कशावर नाही, हे ठरवावं लागतं. पुष्कळ शिक्षक हे ठरवायचं टाळतात आणि वह्या घरी नेतात. पिशवीतून गेलेल्या वह्या बऱ्याचदा तशाच पिशवीतून परत येतात, खांदा तेवढा दुखतो.

शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. काही मुलांना त्यांच्या कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. वह्या वाटताना मुलांकडे नीट बघितलं की यामागचं कारण समोर दिसतं. पान उलटलं, आकडा बघितला, शेजाऱ्याचा आकडा बघितला, वही दप्तरात. त्या आकड्याखाली आपण लिहिलेल्या दोन ओळी कुणी वाचल्याच नाहीत. आपलाच शेरा आपल्याच आकड्याने झाकला.

तेव्हा आमच्याकडे वहीतल्या पानांची वाटणी झालेली आहे. काम पूर्ण आहे का, एवढंच बघायचं असेल तर ते वर्गात बाकांमधून फिरताना बघते, मुलं लिहीत असतानाच. ज्याची उत्तरं ठाम असतात, रिकाम्या जागा, जोड्या, आकडेमोड, ते मुलं फळ्यावरून स्वतः तपासतात, हिरव्या पेनाने. मी सावकाश वाचते तो एकच प्रश्न, ज्यात मुलाचा विचार उमटलेला असतो. त्यावर असा शेरा, ज्यावर काहीतरी करावं लागेल: ‘बाणाची दिशा बघ. प्रकाश कुठून निघतो?’ आणि पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्या शेऱ्याला उत्तर लिहिण्यासाठी राखून ठेवलेली. ती पाच मिनिटं दिली नाहीत तर शेरा लिहूच नये, सरळ झोपावं. ‘छान’, ‘नीट लिही’, ‘अक्षर सुधार’ यांनी वही तपासल्यासारखी दिसते, तपासली जात नाही.

यावर एक रास्त आक्षेप असतो. पालकांना पानोपान लाल टिक बघायची सवय असते आणि वही बघायला मागवणाऱ्या वरिष्ठांनाही. टिक नसलेलं पान म्हणजे शिक्षकाचं दुर्लक्ष, असा त्यांचा समज होतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कधीकधी ते खरंच दुर्लक्ष असतं. माझ्या वर्गांच्या वह्यांमध्ये पहिल्याच पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: बाई काय तपासतील, मूल स्वतः काय तपासेल, हिरव्या रंगाचा अर्थ काय. पालकसभेत ती वाचून दाखवते. विरोध अगदी मावळतो असं नाही, पण निदान चर्चा टिकांच्या संख्येवरून शेऱ्यांवर येते.

पेपर तपासणीचा अंदाज तर हटकून चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मधल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. अंदाज आला सरासरी ३३.९ दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. विद्यार्थ्यांचं असं, तर त्यांना वेळेवर काम करायला सांगणाऱ्यांचं वेगळं कसं असेल? मी पहिले दहा पेपर घड्याळ लावून तपासते आणि आलेल्या आकड्यावरून पुढचे दिवस आखते. ‘या वेळी पटापट होतील’ या आशेला हिशेबात जागा नाही. शिवाय एका मुलाचा अख्खा पेपर तपासून पुढच्याकडे न जाता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, अशी जाते. उत्तरसूची डोळ्यांपुढे राहते, हात भरभर चालतो, आणि रात्री उशिरा हाती आलेल्या पेपरला माझ्या कंटाळ्याचा फटका बसत नाही.

एवढं सगळं करून यादीबाहेर जे उरतं तेच खरं शिकवणं. वर्गातल्या जगण्याचा अभ्यास करणाऱ्या फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की प्राथमिक वर्गावरचा शिक्षक दिवसभरात कुणाशी ना कुणाशी हजारापर्यंत वेळा देवाणघेवाण करतो. हजार! यातली कुठलीही आदल्या रात्री वहीत लिहिता येत नाही. आणि विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. वर्गात उभं राहून बघा, तीन सेकंद भलतेच लांब असतात. डोक्यात न भरलेला तक्ता, न केलेला फोन आणि अर्धी प्रश्नपत्रिका कालवाकालव करत असेल तर ते निघतच नाहीत. ‘चला, कोण सांगेल, तू? नाही? तू?’ असं तोंडातून निघून जातं. वही-पेनाचा हा सगळा खटाटोप मी त्या तीन सेकंदांसाठी करते. कामं उरकल्याचा आनंद मला फार काळ पुरत नाही.

आता यादीच्या हातात नसलेलं. एकाच माहितीचे तीन वेगवेगळे तक्ते तीन टेबलांवरून मागवले जात असतील तर माझ्या पानाच्या तीन भागांनी काही होणार नाही. शाळेने माहिती एकदाच, एकाच तक्त्यात, ठरल्या वारी मागवावी. जोडतासावर शक्यतो बदली तास लावू नये. शाळा सुटल्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे निरोप दुसऱ्या दिवशी सकाळचे समजले जावेत. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी बसून ठरवावं लागतं. हा विषय सभेत घ्यावा असं मी लेखी दिलं आणि मुख्याध्यापकांनी तो लगेच मान्यही केला. सभा परवा आहे, शेवटच्या घंटेनंतर. येताना प्रत्येकाने आपापली माहिती सोबतच्या तक्त्यात भरून आणायची आहे.